सोडलेले अस्त्र आणि आवरणारा हात

हिरोशिमाचा विषय निघाला की आपल्या वादविवाद सभांतील चर्चा एका ठराविक प्रश्नापाशी येऊन थांबते : अणुबॉम्बमुळे युद्ध लवकर संपले की नाही? एक पक्ष म्हणतो, बॉम्ब टाकला नसता तर जपानच्या भूमीवर उतरून लढताना याहून अधिक माणसे मेली असती. दुसरा म्हणतो, जपान तसाही शरण येण्याच्या बेतात होता. शिवाय ८ ऑगस्ट १९४५ रोजी रशियानेही त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले होते. हा वाद निरर्थक नाही. परंतु नेत्याच्या नैतिक जबाबदारीचे माप केवळ अशा बेरीज-वजाबाकीने घेणे मला अपुरे वाटते. निर्णय कसा घेतला गेला, हेही पाहिले पाहिजे.

२५ जुलै १९४५ रोजी अमेरिकन हवाई सेनापतीच्या नावे लेखी आदेश निघाला. हिरोशिमा, कोकुरा, निगाता व नागासाकी यांपैकी एका शहरावर, ३ ऑगस्टच्या सुमारानंतर हवामान अनुकूल होताच, पहिला बॉम्ब टाकावा आणि पुढील बॉम्ब तयार होतील तसतसे टाकावेत, असा त्याचा आशय होता. या शेवटच्या कलमाचा अर्थ फार भयंकर आहे. ६ ऑगस्टला हिरोशिमा बेचिराख झाले. त्यानंतर नागासाकीसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना नवा निर्णय घ्यावाच लागला नाही. ९ ऑगस्टला विमान निघाले होते कोकुरावर. तेथे धूर आणि ढगांमुळे लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. वर्षअखेरपर्यंत दोन्ही शहरांत मिळून सुमारे २ लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी एका शहराचे मरण धुराने आणि ढगांनी ठरवले!

नेते असहाय होते, असे मात्र म्हणता येणार नाही. युद्धमंत्री स्टिम्सन यांनी क्योतो हे प्राचीन संस्कृतीचे नगर यादीतून आग्रहाने वगळवले होते. म्हणजे नको म्हणण्याची सत्ता त्यांच्या हाती होती. त्याच २५ जुलैच्या दैनंदिनीत ट्रूमन लिहितात की, लक्ष्य लष्करी असावे, स्त्रिया व मुले नसावीत, असे आपण स्टिम्सन यांना सांगितले आहे. आदेशात मात्र शहरांची नावे होती. मार्च १९४५ मध्ये टोकियोवरील अग्निवर्षावात एका रात्रीत सुमारे १ लाख माणसे मेली होती. शहरे जाळण्याची सवय झालेल्या मनाला ही विसंगती बोचली नसावी.

१० ऑगस्टला ट्रूमन यांनी, आपल्या स्पष्ट परवानगीवाचून यापुढे बॉम्ब टाकू नये, असे बजावले. त्याच दिवशी मंत्रिमंडळात त्यांनी, आणखी लाखभर माणसे आणि मुले मारण्याची कल्पना सहन होत नाही, असे सांगितल्याची नोंद आहे. हा निर्णय ६ ऑगस्टपूर्वीही घेता आला असता. निदान पहिल्या व दुसऱ्या बॉम्बमध्ये तरी.

महाभारतात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात. अर्जुन ते मागे घेऊ शकतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि अखेर ते उत्तरेच्या गर्भावर जाते. अस्त्र सोडणे दोघांनाही येत होते. दोघांतील फरक आवरण्याच्या सामर्थ्याचा होता.

१९७४ व १९९८ च्या चाचण्यांनंतर आपला देशही या अस्त्राचा धनी आहे. प्रथम वापर करणार नाही आणि प्रत्युत्तराचा आदेश केवळ नागरी राजकीय नेतृत्वच देईल, असे २००३ मध्ये जाहीर झालेले आपले धोरण सांगते. ते नेतृत्व आपण मताने निवडतो. म्हणून मित्रहो, अस्त्र किती बलवान, याचा अभिमान मिरवण्याआधी ते आवरणारा हात कोणाचा, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने विचार करणार आहे की नाही, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.