विद्यापीठ, गिरणी आणि धानाची बांधी

विद्यापीठांतील विद्या व व्यापाऱ्यांचे भांडवल यांचा संयोग होऊन त्या त्या भागात नवे शोध लागावेत व नवे धंदे निघावेत, असा विचार हल्ली चोहोकडे मांडला जात आहे. विचार उत्तम आहे व त्यास आमचा विरोध नाही. परंतु भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात हा संयोग केवळ दोघांचा होऊन भागणार नाही. त्यात तिसरा पक्ष शेतकऱ्याचा असला पाहिजे. आणि तो पक्ष कौतुकापुरता नव्हे, तर लेखी कराराने सामील केलेला असला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

अशा सहकार्याची कल्पना आपल्या भागास परकी नाही. कामठीचे दानशूर उद्योगपती डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली आपल्या संपत्तीतून सुमारे ३५ लक्ष रुपये नागपूर विद्यापीठास दिले. उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांचे शिक्षण द्यावे, हा त्या देणगीचा हेतु होता. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, आणि २०२३ साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचे रूप मिळाले. व्यापारात मिळविलेला पैसा विद्येकडे वळल्याचे याहून ठळक उदाहरण विदर्भात क्वचितच सापडेल.

या संस्थेत तैलतंत्र हा विषय पहिल्यापासून महत्त्वाचा मानला गेला आहे. याचा धानाशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर तो संबंध फार जवळचा आहे. शंभर क्विंटल धान गिरणीत भरडले असता सुमारे वीस क्विंटल तूस व आठ क्विंटलांच्या आसपास कोंडा निघतो. या कोंड्यात शेकडा पंधरा ते वीस तेल असते. परंतु तांदळास पॉलिश होऊन कोंडा सुटा झाला की त्यातील तेल नासण्यास तत्काळ आरंभ होतो. काही तासांच्या आत त्यास योग्य उष्णता देऊन तो टिकाऊ केला नाही, तर त्यापासून खाण्याजोगे तेल काढणे कठीण होते. जुन्या हलरात तूस व कोंडा एकत्र मिसळतात, त्यामुळे तो माल जनावरांच्या खाद्यापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. म्हणजे येथे विद्या नागपुरास, माल तुमसर, लाखनी व पवनीकडील गिरण्यांत, आणि मधले अंतर काही तासांचे! हे अंतर तोडण्यास शास्त्रज्ञ व गिरणीवाला या दोघांचीही गरज आहे. तथापि धान बांधीतून येते, याचा विसर मात्र दोघांनाही पडता कामा नये. कोंड्याचे मोल वाढले व धानाचा भाव होता तेथेच राहिला, तर त्या शोधाचा आम्हास उपयोग कोणता?

विद्यापीठाच्या शोधाने शेतकऱ्याचे प्रत्यक्ष कल्याण कसे होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची एक सोपी रीत काढली. त्यापूर्वी दूध केवळ मापाने विकले जाई. सकस दूध घालणारा व पाणी मिसळणारा हे एकाच तागडीत तोलले जात. बॅबकॉक यांनी आपल्या रीतीचे एकस्व घेतले नाही. ती गावोगावच्या दूधसंकलनाच्या ठिकाणी पोहोचली, आणि दुधाचा पैसा त्यातील लोण्याच्या अंशाप्रमाणे मिळू लागला. आपल्या धानाची स्थिती आजही त्या जुन्या दुधासारखीच बव्हंशी आहे. एकाच्या धानात अखंड तांदूळ अधिक उतरतो, दुसऱ्याच्या धानात कणी अधिक पडते. पण वजन सारखे असले म्हणजे पुष्कळदा पैसाही सारखाच हाती येतो. नमुना भरडून अखंड दाण्याचा उतारा सांगणारी निःपक्षपाती तपासणी प्रत्येक मोठ्या बाजारात विद्यापीठाने व गिरणीवाल्यांनी मिळून चालवावी. याहून उपयुक्त सहकार्य आम्हास सुचत नाही.

आता लेखी कराराचा आग्रह आम्ही का धरितो, ते सांगतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या 'पटेल ३' जातीच्या धानात काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या, वर्षानुवर्षे त्यांचे बी निवडले, आणि बारीक दाण्याचे एक नवे वाण सिद्ध केले. व्यापाऱ्यांनी त्यास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे 'एचएमटी' हे नाव दिले. १९९४ साली सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून या बियाण्याचा नमुना नेला, व १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसृत केले. बियाणे शुद्ध करण्याचे काम आमचे, असे विद्यापीठाचे म्हणणे. मूळ वाण माझे, त्याचे श्रेय मला मिळाले नाही, अशी दादाजींची तक्रार. पुढे २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. परंतु ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले तोपर्यंत त्यांच्या संसाराची ओढाताण काही संपली नाही. त्यांचे धान मात्र तोवर कित्येकांच्या बांधीत पोहोचले होते.

या प्रकरणात कोणास आरोपी करावे हा आमचा हेतु नाही. शुद्धीकरणाचे कामही खरे, आणि दादाजींची निवडही खरी. दोहोंचे मोल आरंभीच कागदावर मांडले असते, तर पुढील कटुता टळली असती, एवढेच आम्हास दाखवावयाचे आहे.

कोणी म्हणेल की, यासाठी कायदा झाला आहे. होय, वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम २००१ साली संमत झाला, आणि त्यान्वये शेतकऱ्यास आपले वाण आपल्या नावे नोंदविता येते, त्यास शुल्कही पडत नाही. परंतु हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि एकटा शेतकरी अर्ज, नमुने व वर्णने यांच्या खटाटोपात पडत नाही. हे काम शेतकऱ्यांच्या संस्थांनी अंगावर घेतले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, अटी फार घातल्या तर धंदेवाला येणारच नाही. आम्हास ही भीति वाटत नाही. गिरणीवाल्यास एका जातीचे, भेसळ नसलेले धान मोठ्या प्रमाणात पाहिजे असते, आणि ते दहा गावांच्या संस्थेवाचून त्यास दुसरे कोण पुरविणार? ज्याच्याजवळ देण्याजोगे काही आहे, त्याने अट घालण्यात संकोच कसला?

म्हणून साकोलीचे संशोधन केंद्र, नागपूरची तंत्रविद्या व जिल्ह्यातील गिरण्या यांच्याशी बोलणे करिताना आपल्या संस्थांनी तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्या. शेतकऱ्याकडून नेलेल्या प्रत्येक वाणाच्या नमुन्याची पोच त्याच्या नावासह मिळावी. त्या वाणापासून पुढे जे निघेल त्यात त्याचे नाव व वाटा राहावा. आणि कोंडा, तूस व कणी यांपासून होणाऱ्या वाढीव प्राप्तीचा काही अंश धानाच्या भावात उतरावा. चिन्नोरासारखे सुवासिक वाण अद्याप आपल्या बांधीत आहे. त्याचे बी शुद्ध करून घेण्याची गरजही मोठी आहे. त्याचा नमुना कोणी मागितला तर अवश्य द्यावा, पण पोच घेतल्यावाचून देऊ नये.