आकडा कशाचा, तेही लिहा

पावसाळ्यात मोबाइलवर निरोप येतो, 'कोयनेतून विसर्ग वाढवला, सावध राहा.' किती क्युसेक ते असतं. पण तारीख कोणती, वाजले किती, पाणी पायथा वीजगृहातून की वक्र दरवाजांतून, हे नसतं. मागच्या वर्षीचाच निरोप पुन्हा फिरत असला तरी कळायला मार्ग नाही. नदीकाठचा माणूस मात्र जनावरं हलवायची की नाही, या घोरात रात्र काढतो.

सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडा त्या मानाने बरा. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे काठावरच्या पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा 2005 च्या पुराशी ते ताडून बघता आलं, कारण मोजायची जागा एकच. पण ते फूट त्या पुलावरचे. भिलवडीकराने ते आपल्या दारात धरू नयेत.

पावसाचंही तेच. महाबळेश्वर आणि म्हसवड एका सरासरीत घातल्यावर माणच्या शेतकऱ्याने त्यातून काय घ्यावं? कोणत्या मंडळाचा पाऊस, किती वाजेपर्यंतच्या चोवीस तासांचा, हे हवंच. द्राक्ष-डाळिंबाचा हवामान आधारित विमा मंडळाच्या नोंदीवरच ठरतो.

अशा माहितीबद्दलच्या माहितीला संगणकवाले 'मेटाडेटा' म्हणतात. पोत्याला बांधलेली चिठ्ठीच ती. ज्याने त्याने मनाला येईल तशी चिठ्ठी बांधली, की दोन पोती जुळत नाहीत. म्हणून पद्धत ठरलेली असावी लागते. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा गावाच्या नावाशेजारी संकेतांक आला. शिरगाव वाई तालुक्यात आहे, वाळव्यातही आहे. संकेतांक वेगळे, म्हणून घोटाळा नाही. 2021 पासून ई-पीक पाहणीत पिकाच्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात.

क्षेत्र लिहिताना तर फार जपा. सातबाऱ्यावरचं 0.40 म्हणजे हेक्टर, जवळजवळ एक एकर. कुणी ते एकर समजून उतरवलं, तर हाती 16 गुंठेच राहतात!

ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी (गावाला ते अजून ग्रामसेवक आणि तलाठीच) यांना एक विनंती. फळ्यावर 'विहिरीचं पाणी 20' एवढंच लिहू नका. विहीर कोणती, तारीख काय, फूट की मीटर, जमिनीपासून खाली की तळापासून वर, हे चार शब्द जास्तीचे लिहा. उन्हाळ्यात टँकर मागायला तालुक्याला जाताना हीच नोंद हातात लागते.