दोन तीरांवरचे एक घर

बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया म्हणजे जेमतेम १३ लाख वस्तीचा देश. तिथल्या योहान्नेस पॅसुके या तरुणाने १९१३ मध्ये तार्तूच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी सेतो लोकांचे साधेसुधे जगणे कॅमेऱ्यात टिपले. ना राजा, ना लढाई, नुसती माणसे!

१९४४ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या आणि हजारो कुटुंबे मिळेल त्या होडीतून स्वीडनकडे, जर्मनीकडे निघाली. पुढे कित्येकजण कॅनडात स्थिरावले. एका घराची दोन घरे झाली. मायदेशी निळा-काळा-पांढरा ध्वज लावणे हा गुन्हा होता. परदेशी मेळाव्यांत मात्र तोच ध्वज डौलाने फडकत होता. १९७२ चा टोरांटोचा ‘एस्टो’ मेळावा त्यांपैकीच एक. म्हणूनच एका तीरावरच्या चित्रफितीत जे दिसत नाही, ते दुसऱ्या तीरावरच्या फितीत सापडते.

१९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. आता हे दोन्ही अर्धे भाग जोडायला हवेत. पण पडद्यावरचा चेहरा ‘ही माझी मावशी’ म्हणून ओळखणारी पिढी वेगाने सरते आहे. फीत संग्रहालय जपेल; नावे मात्र घरच्यांनीच सांगायला हवीत, आणि तीही आजच!