लोकांना विचारलं तरी होतं का?

‘लोकांना कचऱ्याचं काही पडलेलं नाही. त्यांची मतं मागवण्यात वेळ घालवू नका. दिल्लीने योजना आखावी, नगरपरिषदेने राबवावी, न ऐकणाऱ्याला दंड करावा.’ शिरपुरातल्या एका सुशिक्षित गृहस्थांचं हे मत. वर पुरावा असा, की नियमांच्या मसुद्यावर आपल्या गावातून एक तरी सूचना गेली का?

कशी जाईल? घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांचा मसुदा ३ जून २०१५ रोजी राजपत्रात आला. हरकतींना मुदत साठ दिवस. केंद्राचं राजपत्र निघतं हिंदी-इंग्रजीत. जूनमध्ये खान्देशातला शेतकरी कापूस लावायचा की राजपत्र धुंडाळायचा? जिच्या स्वयंपाकघरात ओला, सुका आणि घातक असे तीन भाग व्हायचे होते, त्या बाईच्या भाषेत तो मसुदा नव्हताच. ‘आमले कोण इचारस?’ हा तिचा प्रश्न उदासीनतेचा नाही, तक्रारीचा आहे.

आणि पडलेलं नाही म्हणता? रद्दी, पुठ्ठा, लोखंड, बाटल्या भंगारवाल्याची हाक येईपर्यंत घराघरात वेगळ्या ठेवलेल्या असतात. ठिबकच्या जुन्या नळ्या शेतकरी गुंडाळून विकतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत टाकाऊ प्लास्टिकच्या दाण्यांपासून चटया विणल्या जातात. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. ज्याला मोल मिळतं ते लोक वेगळं करतात. शाम्पूच्या पुड्या आणि वेफरची चकचकीत पाकिटं कोणी घेत नाही, म्हणून ती गटारीत जातात. यापेक्षा स्पष्ट लोकमत कोणतं हवं? ती पाकिटं गोळा करण्याची जबाबदारी २०१६च्याच प्लास्टिक नियमांनी उत्पादकांवरही टाकली आहे. दंडाची भाषा करताना गृहस्थांना उत्पादक आठवला नाही, घरातली बाई तेवढी आठवली. याचा मला संताप येतो.

वेगळा दिलेला कचरा घंटागाडीत एकत्र होताना जिने पाहिला, तिच्याकडे दंड कोणत्या तोंडाने मागणार? आणि केळीच्या घडांवरच्या पिशव्यांचं कापणीनंतर काय करायचं, हे दिल्लीत बसून ठरणार नाही.

पाण्याच्या बाबतीतही ‘शेतकरी ऐकणार नाहीत’ म्हणणारे होतेच. नाले खोल-रुंद झाले, सिमेंटचे बंधारे पडले, विहिरींना पाणी चढलं आणि ‘शिरपूर पॅटर्न’ पाहायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. डोळ्यांना दिसलं की माणसं पुढे येतात.

तेव्हा पुढचा मसुदा मराठीत यावा, घंटागाडीच्या भोंग्यावरून त्याची माहिती द्यावी. पेरण्या आटोपल्यावर प्रभागवार सभा घ्याव्यात, तिथे भंगारवाले आणि कचरा वेचणाऱ्या बायांना आधी बोलू द्यावं. आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय झालं, ते नगरपरिषदेच्या फळ्यावर मराठीत लावावं.