जैवविविधतेचा तलाठी

दरवर्षी जून महिना लागला, की पर्यावरणरक्षणाच्या क्षेत्रात तरुणांना केवढ्या विपुल संधी उपलब्ध आहेत याविषयीच्या व्याख्यानांना आणि पुरवण्यांना बहर येतो, आणि त्यापाठोपाठ अभ्यासक्रम, कार्यशाळा व प्रमाणपत्रे यांच्या जाहिराती झळकू लागतात. या उद्योगाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. केंद्र सरकारने 2017 मध्ये सुरू केलेल्या हरित कौशल्य विकास कार्यक्रमात तर वनस्पती व प्राणी ओळखून त्यांची शास्त्रशुद्ध नोंद करणारे साहाय्यक तयार करण्याचीही तजवीज होती, आणि ती स्तुत्यच होती. परंतु असे प्रमाणपत्र पदरात पडलेल्या तरुणाने अर्ज कोणत्या कचेरीत व कोणत्या पदासाठी करावयाचा, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

विशेष हे, की काम नाही अशी स्थिती मुळीच नाही. काम तर खुद्द कायद्यानेच निर्माण करून ठेवलेले आहे. 2002 च्या जैविक विविधता अधिनियमान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने व नगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावी आणि आपल्या हद्दीतील वनस्पती, पशुपक्षी, मासे, पिकांची वाणे व त्यांविषयीचे लोकांचे पारंपरिक ज्ञान यांची नोंदवही सिद्ध करावी, असे ठरले. ज्या कल्पनेचा परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकापासून हिरिरीने पाठपुरावा केला, तीच येथे कायद्यात उतरली होती. पुढे सतरा वर्षे बहुतेक ठिकाणी हे कलम दप्तरातच निजून राहिले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही अखेरची मुदत घालून, त्यानंतर कसूर करणाऱ्या राज्यास दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असे फर्मावले, आणि तेव्हा देशभर अशी धांदल उडाली, की अल्पावधीत नोंदवह्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. घाईने भरलेली वही ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. शेजारच्या दोन गावांच्या वह्या समोरासमोर ठेवाव्यात; दोहोंत तीच झाडे त्याच क्रमाने आली असतील, आणि गावच्या ओढ्यात मिळणाऱ्या माशाचे गावातले नावच जर कोठे आढळत नसेल, तर ती वही ओढा न पाहताच लिहिली गेली, असे खुशाल समजावे.

याच्या उलट आपला सातबारा पाहा. त्यात दोष असतील, त्यावरून भाऊबंदकीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालत असतील. तथापि तो उतारा जिवंत राहतो, कारण त्याच्यामागे हंगामागून हंगाम पीकनोंदी तपासणारा, फेरफार नोंदविणारा, पगार व बढती असलेला एक माणूस उभा आहे. (त्याचे ‘तलाठी’ हे जुने नाव बदलून सरकारने त्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले आहे, पण गावात त्याला तलाठी म्हणणे काही सुटलेले नाही.) जमिनीच्या नोंदीस माणूस दिला आणि त्या जमिनीवर नांदणाऱ्या जीवसृष्टीची नोंद मात्र एका समितीच्या सदिच्छेवर सोपविली, येथेच सारे घोडे पेंड खाते.

या नोंदीस लागणारे कौशल्य कोणत्या जातीचे आहे, हे कोकण किनाऱ्यावर पाहावे. वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने समुद्री कासवांच्या रक्षणाचे काम 2002 पासून उभे केले. मादी रात्री येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते, आणि आपल्याच अंगाने वाळू दाबून परतते. पहाटे किनारा चालणारा कासवमित्र तिची येतानाची व जातानाची वाट वाचतो, अंदाजाने बारीक काठी वाळूत खुपसतो, आणि हातास जाणवलेल्या नरमपणावरून घरट्याची नेमकी जागा हुडकून काढतो. अंडी फार हलू न देता कुंपणातल्या, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवावी लागतात. खोली चुकली तर उष्णतामान चुकते, आणि पिलू नर होणार की मादी हे तर त्या उष्णतेवरच अवलंबून असते. मग तारीख, अंड्यांची संख्या, आणि दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडलेल्या पिलांची गणती. हा मनुष्य निरीक्षक आहे, नोंदणीकार आहे, एका परीने सुईणही आहे. पण त्याचे मानधन हंगामापुरते, आणि पावसाळा आला की त्याची विद्या व तो स्वतः, दोघेही बिनकामाचे ठरतात. त्याच्या मुलाने मुंबईस जाऊन पहारेकऱ्याची नोकरी धरली, तर त्यास दोष कोणी द्यावा?

यास्तव माझी सूचना अशी, की सात-आठ ग्रामपंचायतींमागे एक कायम जैवविविधता नोंदणीकार नेमावा, त्याचे पद जिल्हा परिषदेच्या आकृतिबंधात दाखल करावे, आणि तालुका व जिल्हा पातळीपर्यंत बढतीचा मार्ग त्यास मोकळा ठेवावा. पैसा कोठून, हा आक्षेप येणारच, आणि तो रास्तही आहे. परंतु गावच्या जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग करणाऱ्यांकडून लाभाचा वाटा घेण्याची व स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद याच अधिनियमात आहे. तो वाटा वसूल करावयाचा, तर कोणत्या गावातून काय गेले हे सांगणारी विश्वसनीय नोंद प्रथम हवी. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. परंतु त्याआधी कित्येक वर्षे तेथले अभ्यासगट आपल्या जंगलाचा स्वतः अभ्यास करीत होते, हे विसरून चालणार नाही.

राहिला निवडीचा प्रश्न. पदवीची अट घालून पर्यायी उत्तरांची लेखी परीक्षा घेतली, तर शहरातील शिकवणी-वर्गांचे विद्यार्थी ती सहज उत्तीर्ण होतील, आणि कासवमित्राचा मुलगा पहिल्याच चाळणीत गळेल. त्याऐवजी उमेदवारास एक दिवस त्या तालुक्यातील ओढ्याकाठी न्यावे, दिसेल ते लिहावयास सांगावे, आणि ते तपासण्यास एक वनस्पतिशास्त्रज्ञ व त्या गावचा एक जुना गुराखी, असे दोन परीक्षक समान गुणाधिकाराने बसवावेत.