पंचनाम्याच्या आधी
माजरी जंक्शनच्या फलाटावर एखादा बेघर माणूस मेला की यंत्रणा हलते. पोलीस पंचनामा करतात, वारसांचा शोध घेतात. कुणीच न आल्यास १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने देह वैद्यकीय महाविद्यालयालाही देता येतो. त्याच्या शेवटच्या आठवड्यांसाठी मात्र असा ठरलेला मार्ग नाही. बेघरांसाठी सरकारी निवारे आहेत, पण ते शहरांत, माजरीत ग्रामपंचायत. बरा होणार नाही म्हणून रुग्णालय घरी पाठवते, आणि घर तर नाहीच.

अशा मरणासन्न माणसाला रुग्णालयाने ठेवून घ्यावे म्हटले, तर बरे होणाऱ्यांनाच खाटा पुरत नाहीत, हा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. पण मरणाऱ्याच्या सेवेला अतिदक्षता विभाग लागत नाही. वेदनेवर मॉर्फिनची गोळी, जखमेची मलमपट्टी, कोरडे ओठ ओले करणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, एवढे लागते. २०१४ च्या कायदा-दुरुस्तीने मॉर्फिनच्या परवान्यांची अडचणही कमी केली. घरचे लोक म्हातारी माणसे आणून टाकतील, असेही म्हटले जाते. ती आजही फलाटावर टाकली जातातच.

शेजारच्या वरोऱ्यात बाबा आमटे गटारीकाठच्या कुष्ठरुग्ण तुळशीरामला पाहून आधी घाबरून पळाले, मग परतले आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची सेवा केली. आनंदवनाचे मूळ तिथे आहे. तो वाचणार नव्हता, तरीही ती सेवा वाया गेली असे कुणी म्हणत नाही. म्हणूनच वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांसाठी निदान दोन खाटा, एक प्रशिक्षित परिचारिका हवी, आणि आधार कार्ड नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नये.