जुन्या मोटारीचे दिवे

इंग्लंडांत 1962 ते 1980 पर्यंत तयार झालेली एम्‌. जी. बी. ही स्पोर्ट्‌स मोटार बाळगणारे हौशी लोक, रात्रीं उजेड अपुरा पडतो म्हणून प्रथम दिवेच बदलूं पाहतात. आमचे मतें हा क्रम उलटा आहे. दिव्यांचा सगळा विद्युत्प्रवाह बटणांतून व जुनाट तारांतून जातो. वाटेंत दाब घटतो आणि चांगला दिवाहि मिणमिणतो. दोष मात्र बिचाऱ्या दिव्यास! आधीं रिले बसवून बॅटरीपासून जाड तार आणावी. मग 60/55 वॉटचा हॅलोजन गोळा घेणारा सात इंची दिवा लावावा. तंतूच्या गोळ्याकरितां घडविलेल्या परावर्तकांत एल्‌. ई. डी. खुपसणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. प्रकाश भलतीकडे फांकतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आणि त्याच रस्त्यानें एखादा सायकलस्वारहि येत असतो.